रेस्क्यू ग्रुपकडून मांजर घरी आणताना: बेळगाव आणि आसपासच्या नवख्यांसाठी

वडगावातल्या आमच्या गल्लीत मांजर कुणी आणत नसे, ते येत असे. कुणाच्या तरी परड्यात व्यायचं, पिलं तोंडात धरून माळ्यावर न्यायचं, एका घरी दूध, दुसऱ्या घरी मासळीचं डोकं. आजारी पडलं की मात्र ते कुणाच्याच घरचं नसायचं. गेली काही वर्षं मी एका रेस्क्यू ग्रुपसाठी, म्हणजे बेवारस मांजरं उचलून त्यांना घर शोधून देणाऱ्या मंडळींसाठी, पिलं सांभाळते. कायमचं घर मिळेपर्यंत ती माझ्याकडे असतात. पिल्लू हवं म्हणून फोन करणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात हेच गल्लीतलं मांजर असतं: खाऊ घालायचं, बाकीचं ते त्याचं बघून घेईल. ग्रुपकडून मांजर घेणं वेगळं आहे. घरात राहणारं, लस टोचलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, आणि एवढी वर्षं त्याचं दुखणं-खुपणं तुमचं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरात विचारा

फोटो बघून लगेच मेसेज टाकू नका. रात्री सगळे जेवायला बसले की विषय काढा. भाड्याचं घर असेल तर मालकांना विचारा आणि त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझ्याकडून गेलेली दोन पिलं केवळ घरमालक नको म्हणाले म्हणून परत आली. त्यातलं एक महिनाभरात त्या घरात पुरतं रुळलं होतं. परत आल्यावर आठवडाभर ते दाराकडे तोंड करून बसायचं.

घरात कुणी गरोदर असेल तर 'मांजर नकोच' असं हमखास ऐकायला मिळतं. भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची आहे आणि ती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेले त्याचे बीजकोश लगेच बाधत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणजे शीची पाटी रोजच्या रोज साफ झाली आणि ते काम गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणी केलं, तर धोका फार कमी उरतो. घरातच राहणाऱ्या आणि कच्चं मांस न खाणाऱ्या मांजराकडून तो आणखी कमी असतो. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हीच बाधा होते. तरी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्याच.

काळ्या पिलांना घर मिळायला सगळ्यात उशीर लागतो. वडीलधाऱ्यांना 'आडवं गेलं' हे मनापासून खुपत असेल तर त्यांच्याशी भांडून मांजर आणू नका, त्यांचा राग रोज त्या मुक्या जिवाला सोसावा लागतो. त्यापेक्षा एकदा त्यांना सोबत घेऊन पिलं बघायला या. मांडीवर येऊन झोपलेलं काळं पिल्लू बघून 'असू दे की गं' म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

वेळही बघा. गणपतीच्या आधल्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या दिवसांत नवं मांजर आणू नये. बेळगावात मिरवणूक रात्रभर चालते. ढोल, डॉल्बी आणि फटाक्यांच्या आवाजात आदल्या दिवशी आलेलं मांजर बिथरून पळालं, तर त्याला आपलं घर कुठलं हेसुद्धा माहीत नसतं.

ग्रुप कसा शोधायचा

आपल्याकडचे बहुतेक ग्रुप इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर चालतात. मोठी इमारत, बोर्ड, ऑफिस असं बहुधा काही नसतं; चार-सहा माणसं आपापल्या घरात पिलं सांभाळत असतात. शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कोण नियमानं पिलं टोचायला आणतं आणि कोण नुसते फोटो टाकतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांना गावात ग्रुप सापडला नाही तर बेळगाव किंवा कोल्हापूरच्या ग्रुपला विचारता येतं. मात्र तिथपर्यंत एकदा स्वतः जायची तयारी ठेवा.

एका गोष्टीपासून सावध राहा. पांढऱ्याशुभ्र पर्शियन पिलाचा फोटो, 'फुकट द्यायचंय, फक्त गाडीभाडं आधी पाठवा' असा मजकूर, आणि पैसे पाठवले की नंबर बंद. खरा ग्रुप लस आणि (पिलं होऊ नयेत म्हणून करायच्या) ऑपरेशनचा खर्च भरून काढायला थोडी फी घेतो, पण पिल्लू दाखवल्यावर आणि पावती किंवा लसीचं पुस्तक हातात देऊन. पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

फॉर्म, प्रश्न आणि घरभेट

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो आणि प्रश्न बरेच असतात. घर स्वतःचं की भाड्याचं? खिडक्यांना जाळी आहे का? याआधी मांजर होतं का, त्याचं काय झालं? गावाला गेलात तर कोण बघणार? ऑपरेशन करणार ना? हे वाचून काहींना राग येतो. 'मांजरच द्यायचंय ना, मुलगी द्यायचीय का?' असं एका काकांनी मला विचारलं होतं. यातला प्रत्येक प्रश्न एखाद्या गेलेल्या किंवा हरवलेल्या मांजरापासून आलेला असतो. जाळीचा प्रश्न माझ्याच एका पिलामुळे आला: टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरून ते कबुतराच्या मागे खाली गेलं.

खरं काय ते लिहा. आधीचं मांजर गाडीखाली गेलं असेल तर तसंच सांगा. खरं बोलणाऱ्याला आम्ही नाकारत नाही, पुढे काय काळजी घ्यायची ते बसून बोलतो. ओळखपत्र मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि तेवढं पुरतं. घर बघायला येणारा मुलगा कन्नड बोलणारा असू शकतो, मराठीही असू शकतो. आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही आहेत आणि पिलांना दोन्ही भाषांत हाका मारल्या जातात.

तुम्हीही विचारा. पिल्लू कुठे सापडलं, आई होती का, वय किती, लस आणि जंताचं औषध कुठल्या तारखेला दिलं, सध्या काय खातं, शीसाठी काय वापरतं, आणि जमलं नाही तर परत घेणार का. शेवटच्या प्रश्नाला जो ग्रुप 'हो' म्हणत नाही, त्याच्याकडून मी तरी मांजर घेणार नाही.

पिल्लू की मोठं मांजर

सगळ्यांना पिल्लू हवं असतं आणि जितकं लहान तितकं बरं असं वाटतं. इथे मी हट्टी आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नये, दहा-बारा आठवडे मिळाले तर उत्तम. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे ते आई-भावंडांकडून शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे हात-पाय ओरबाडतं आणि मग लोक म्हणतात, रानटी निघालं. 'एक महिन्याचं आहे, घेऊन जा' असं कुणी म्हणालं आणि पिलाची आई जिवंत असेल, तर थांबा.

दिवसभर घर बंद राहत असेल तर एक पिल्लू नेण्यापेक्षा दोन भावंडं न्या, ती एकमेकांत रमतात. आणि घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन-तीन वर्षांचं शांत मांजर बघाच. त्याचा स्वभाव तुम्हाला आधीच कळतो. पिलाच्या बाबतीत तो अंदाज असतो. तिरंगी असेल तर ती जवळजवळ नक्की मांजरीच असते, पिवळं असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त.

उचलून नीट बघा. डोळे स्वच्छ हवेत, नाक वाहतं नको. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखी काळी घाण म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक किडे. अंग वाळकं पण पोट ढोलासारखं म्हणजे जंत. अंगावर केस गेलेला गोल डाग म्हणजे बहुधा गजकर्ण, ते माणसालाही होतं. यांतलं काहीही असलं म्हणून नाकारायलाच हवं असं नाही, सगळ्यावर इलाज आहे. फक्त आधी बरं करून मग द्या, असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

घर तयार करणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण आपल्या घरांतले धोके परदेशी व्हिडिओंत सापडत नाहीत.

शहापूर, वडगाव, खासबाग भागात ज्यांच्या घरात माग आहेत त्यांनी आधी धाग्याचा बंदोबस्त करावा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकतं, बाकीचा धागा पुढे सरकतो, आणि नाडी ओढल्यावर लेंगा चुणावा तसं आतडं गोळा होत जातं. गजऱ्याचा दोरा, शिलाईचा दोरा, पतंगाचा मांजा, सगळ्याला हेच लागू. तोंडातून किंवा शीच्या जागेतून धाग्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. आतडं कापलं जातं. कापूही नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. मागाची खोली तर मांजराला कायम बंद हवी.

दुसरं फिनाईल. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. साबणाच्या पाण्यानं पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्या काढा, उंदराचं औषध घरात ठेवूच नका. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा: मांजराला पॅरासिटामॉल द्यायचं नाही. ताप असला तरी नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. एका गोळीनं मांजर मरू शकतं. कुत्र्यांच्या पिसवांचं औषधही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं.

परड्यात आड असेल तर त्यावर जाळी टाका, पाण्याच्या हौदावर झाकण ठेवा. कौलारू घरात भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटीतून मांजर सहज बाहेर जातं, म्हणून सुरुवातीचे दिवस त्याला स्लॅबच्या किंवा वरून बंद असलेल्या खोलीतच ठेवा. खिडक्यांना डासांची मऊ जाळी पुरत नाही, नखानं फाटते. लोखंडी किंवा पक्की नायलॉनची लावा.

आणायचा दिवस

पिशवीत घालून दुचाकीवरून आणू नका. प्लास्टिकचा कॅरिअर मिळाला तर उत्तम, नाहीतर झाकण बांधता येईल अशी बुट्टी चालते. आत जुनी वाकळ अंथरा, वरून कापड टाका, अंधार असला की मांजर शांत राहतं. फॉस्टरकडची, म्हणजे पिल्लू सांभाळणाऱ्याकडची, वापरलेली फडकी मागून घ्या. ओळखीचा वास सोबत असला तर पहिली रात्र सोपी जाते. पावसाळ्यात येत असाल तर पिल्लू भिजू देऊ नका. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली आणि गार असते, आणि लहान पिलाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

घरी आल्यावर एका खोलीत पाणी, खाणं, शीची पाटी आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवून दार लावा, बुट्टीचं झाकण उघडा आणि बाहेर या. ते कॉटखाली जाऊन बसेल. बसू द्या. ओढून काढू नका, शेजारच्या पोरांना दाखवायला बोलावू नका. तुम्ही खोलीत जाऊन जमिनीवर बसा, पेपर वाचा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्यानं बघितलं तर डोळे सावकाश मिटून उघडा. मांजरांच्या भाषेत 'मी काही करत नाही' असा त्याचा अर्थ होतो. कुणी दुसऱ्या दिवशी मांडीवर येतं, कुणाला तीन आठवडे लागतात.

घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे दोघांची तोंडं बघू देऊ नका. आधी आजार लपलेला नाही ना ते कळू दे, मग दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, मग फडक्यांची अदलाबदल, मग पाच मिनिटांची भेट. घाई केली की वर्षभर भांडणं मिटत नाहीत.

शीची पाटी म्हणून प्लास्टिकचं घमेलं चालतं. उन्हाळ्यात बारीक वाळू चालून जाते, पण पावसाळ्यात ती वाळत नाही आणि वास मारते, तेव्हा विकतचं लिटर, म्हणजे मांजराच्या पाटीत घालायची खास रेती, घ्या. ओलं झालं की गोळा होणारं लिटर तीन महिन्यांच्या आतल्या पिलाला नको, ती ते खाऊन बघतात. पाटी ताटलीपासून लांब ठेवा. आपल्यालाही संडासात जेवायला आवडणार नाही.

खाणं

माझी आई अजून वाटीत दूध ओतते. 'पिऊलंय की गं ते आवडीनं!' म्हणते. पितं हे खरं, पण मोठं होताना बहुतेक मांजरांना दूध पचेनासं होतं आणि जुलाब लागतात. दूध-भातावर मांजर जगत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे जातात आणि हृदय कमकुवत होतं. घरात मांस शिजत नसेल तर अडचण नाही, मांजरांचं तयार खाद्य द्या. कुत्र्याचं नको, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन नसतं. पॅकेटवर ते पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, हे वाचून घ्या.

चिकन देणार असाल तर मीठ, कांदा, लसूण न घालता उकडा, हाडं काढा, आणि ते पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून पाण्यासकट द्या. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा नको. पिलांना दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पहिले पंधरा दिवस ग्रुपकडे जे खात होतं तेच द्या, मग हळूहळू बदला.

डॉक्टर

तीन-चार दिवसांत एकदा दाखवून आणा. तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात, म्हणून जाण्याआधी मांजराची लस आहे का ते फोन करून विचारा. बहुतेक डॉक्टरांना मराठी कळते, तरी चार कन्नड शब्द कामाला येतात: बेक्कु म्हणजे मांजर, मरी म्हणजे पिल्लू, वांती म्हणजे उलटी, भेदी म्हणजे जुलाब, चुच्चुमद्दु म्हणजे इंजेक्शन, आणि 'ऊटा माडतिल्ल' म्हणजे जेवत नाही.

तीन रोगांची मिळून एक लस असते. ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. वर्षानं दोन्हींचा बूस्टर, पुढचं डॉक्टर सांगतील. त्या तिघांतला पॅनल्यूकोपेनिया सगळ्यात वाईट: सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी मान टाकतं. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो. तुमच्या घरी अलीकडे एखादं पिल्लू उलट्या-जुलाबांनी दगावलं असेल तर ग्रुपला तसं सांगा आणि लस पूर्ण झालेलं मोठं मांजरच घ्या.

पहिल्या दिवशी न खाणं समजू शकतो. पण मोठं मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं, आणि लहान पिलाला तर अर्धा दिवसही जड जातो. बोका पाटीत पुन्हा पुन्हा बसतोय, कळवळतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा.

ऑपरेशन

मांजरी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत व्यायते. 'एकदा तरी व्यायला हवी' असं सांगणारे खूप भेटतील. त्याला काही आधार नाही. उलट लवकर ऑपरेशन केलेल्या मांजरीला स्तनाच्या गाठी होण्याचा धोका कमी असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात करून टाका, बोक्याचंही. ग्रुपनं फॉर्मवर ऑपरेशनची तारीख लिहून घेतली असेल तर त्या आठवड्यात फोन येईल. उचला. काही ग्रुप डॉक्टरांशी बोलून खर्च कमी करून देतात. ऑपरेशन करून घरी आणल्यावर डॉक्टरांनी गळ्यात घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर काढू नका, टाके चाटले की उसवतात. दहा दिवस उड्या नाहीत.

जमलं नाही तर

बदली होते, घरात आजारपण येतं, मूल श्वासानं बेजार होतं. हे होऊ शकतं आणि त्यात लाज नाही. पण मांजर मासळी बाजारात किंवा गावाबाहेरच्या शेतात 'तिथं खायला मिळेल' म्हणून सोडू नका. पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड जेमतेम १० ते ५० रुपये, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. पण घरात वाढलेल्या मांजराला तिथली कुत्री आणि गाड्या चुकवता येत नाहीत. ग्रुपला फोन करा. कितीही महिने झालेले असोत.

अकरा महिन्यांनी असाच एक पिवळा बोका माझ्याकडे परत आला. नेणारी ताई फोनवर रडत होती. तिच्या बाळाला दमा निघाला होता. तिनं त्याची वाटी, लसीचं पुस्तक आणि तो झोपायचा ती वाकळ, सगळं नीट बांधून पाठवलं. तो सध्या माझ्या लोखंडी कपाटावर बसलेला असतो आणि खाली यायला अजून तयार नाही. त्याचा फोटो उद्या पुन्हा ग्रुपवर टाकायचा आहे. चार वर्षांचा आहे, लस आणि ऑपरेशन झालंय, लहान मुलांची सवय आहे.